बिरूचा हात

बिरूसारखा स्नूकर खेळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आमच्या घराला त्याच्याइतका कडू झालेला माणूसही दुसरा नाही. या दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगते, कारण लोकांना यांतली एकच ऐकायची असते. भाजी घेताना कुणी भेटतं, "मॅडम, तो बिरू तुमच्याच क्लबात शिकला ना?" म्हणतं आणि कौतुकाची वाट बघत उभं राहतं. नाहीतर आवाज खाली आणून विचारतं, "त्यानं खरंच केलं होतं का हो ते?" मी शाळेत मराठी शिकवते. अर्धं उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे गुण मी कापते. म्हणून इथं पूर्ण लिहिते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या घरचे. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. सासऱ्यांचे यंत्रमाग होते. आधी चादरी निघायच्या, मग नुसते टॉवेल निघायला लागले, मग काहीच निघेनासं झालं. माग भंगारात गेले, शेड रिकामी पडली, आणि माझ्या नवऱ्यानं, श्रीनिवासनं, तिथं स्नूकरचं टेबल आणून ठेवलं. कॉलेजात असताना तो पुण्याला मामाकडे राहिला होता, तिथं त्याला हा नाद लागलेला. टेबल शेडमध्ये उतरलं त्या दिवशी सासरे दारात उभे राहून म्हणाले, "इंत पेद्द मंचमा?" एवढी मोठी खाट? त्यांना ती शेवटपर्यंत खाटच वाटत राहिली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की म्हणायचे, खाट रिकामी आहे, पडतो जरा.

श्रीनिवास स्वतः बरा खेळायचा. बरा, आणि तेवढाच, हे त्याला ठाऊक होतं. तासन्‌तास टेबलाभोवती फिरून त्यानं खेळ समजून घेतला होता, पण जे डोक्याला कळत होतं ते हातात उतरत नव्हतं. अशा माणसाला आयुष्यात एकदा तरी तो हात बघायला मिळावा असं वाटत असतं. दुसऱ्याच्या खांद्याला जोडलेला असला तरी चालतो.

बिरू सांगोल्याकडच्या एका वाडीतला. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. मामा कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत राहायचा, त्याच्याकडे राहून बिरू सोलापुरात कॉलेजला यायचा. एका दुपारी वर्गातल्या मित्रांबरोबर तो शेडमध्ये आला. मी शाळेतून येऊन श्रीनिवासला चहा द्यायला गेले होते, म्हणून मला ती दुपार आठवते. बाकीची मुलं काठ्या उचलून धडाधड खेळायला लागली. हा उंच, हडकुळा, मान पुढं काढून चालणारा मुलगा नुसता टेबलाच्या कडेला उभा राहिला आणि त्यानं हिरव्या कापडावरून तळहात फिरवला. एका दिशेनं, मग उलटा.

"ही लोकर हाय की," तो म्हणाला.

श्रीनिवासनं मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"उलटा हात फिरवला की उभी ऱ्हाती. मेंढीच्या पाठीवर बी असंच असतंय." मग त्यानं विचारलं, "चेंडू हळू मारला तर लोकर ज्या अंगाला निजलीय त्या अंगाला सरकत आसंल, न्हाय?"

सरकतो. ही गोष्ट श्रीनिवासला शिकायला कितीतरी दिवस लागले होते. त्यानं चहा तसाच ठेवला आणि बिरूच्या हातात स्वतःची क्यू, खेळायची काठी, दिली. बिरूनं चपला काढल्या, अनवाणी टेबलाशी वाकला, आणि पहिलाच लाल चेंडू टेबलाच्या खिशात गेला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी श्रीनिवासचं तोंड बघत होते. लग्नात सुद्धा त्याचं तोंड असं झालं नव्हतं.

त्यानंतर बिरू आमच्याकडचाच झाला. मला 'वैनी', श्रीनिवासला 'अण्णा'. कॉलेज सुटलं की शेड. श्रीनिवासनं त्याला इंग्रजी नावं शिकवली, नियम शिकवले, उभं कसं राहायचं, कोपर कसा सरळ रेषेत मागं न्यायचा ते शिकवलं. पण बिरूची स्वतःची एक भाषा होती. पांढऱ्या चेंडूला, ज्याला मारून बाकीचे घालवायचे, तो 'म्होरक्या' म्हणायचा. कळपापुढं चालणारा मेंढा. "लाल जाईल तर जाईल," तो नव्या मुलांना सांगायचा, "म्होरक्या कुटं थांबतोय ते बघा. त्यो बरोबर थांबला की बाकीचा कळप आपसूक येतोय." म्हणून स्वतः चेंडू घालवताना तो खिशाकडं कधी बघायचा नाही. खिशात चेंडू पडल्याचा आवाज यायच्या आत तो पुढच्या चेंडूच्या दिशेनं चालायला लागलेला असायचा. समोरच्याला तो उद्धटपणा वाटे. थोडा होताच.

थोडा कशाला, चांगलाच होता. आमच्याकडे एक डॉक्टर यायचे, मोठं हॉस्पिटल असलेले, स्वतःची परदेशी क्यू कातडी पेटीत घालून आणणारे. त्यांना बिरूनं एकदा डाव्या हातानं हरवलं. मुद्दाम. वर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी खेळू नका. नुसतं क्यू धरून हुबं ऱ्हावा, लई शोभून दिसतंय." सगळी शेड हसली. डॉक्टर पेटी उचलून गेले ते गेलेच. श्रीनिवासनं सांगितलं, त्यांची माफी माग, नाहीतर इथं येऊ नकोस. बिरू म्हणाला, "मग न्हाय येत." आणि आला नाही.

कितीतरी दिवसांनी मी सकाळी शाळेला निघाले तर शेडचं दार उघडं दिसलं. बिरू आत होता, टेबलाचं कापड ब्रशनं झाडत होता. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, लोकरीच्या कलानं, हळूहळू. श्रीनिवास खुर्चीत बसून पेपर वाचत होता. माफी मागायची बिरूची रीत तीच होती. तोंडानं त्यानं कधी कुणाची माफी मागितली नाही. भांडण झालं की काही दिवसांनी येऊन टेबल झाडायचा, आणि श्रीनिवासला ते पुरायचं. मला पुरायचं नाही. पण टेबल माझं नव्हतं.

राज्य स्पर्धेची अंतिम फेरी पुण्यात होती. आम्ही दोघं गेलो होतो. समोर पुण्याचाच एक मुलगा, चांगल्या घरचा, चांगल्या क्लबातला. बरोबरीत सुटत सुटत सामना शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे शेवटच्या डावावर आला. बिरू लांबचा चेंडू मारायला टेबलावर जवळजवळ झोपला, चेंडू गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि हा उभा राहून म्हणाला, "फाऊल. माजी बाही लागली निळ्याला."

पंच टेबलाच्या पलीकडं होते, त्यांना दिसलं नव्हतं. समोरच्या मुलाला दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं. पाळी त्या मुलाकडं गेली आणि त्यानं उरलेले सगळे चेंडू घालवले. बिरू हरला. पण सभागृह उभं राहिलं ते बिरूसाठी. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या पेपरात त्याच्या प्रामाणिकपणाची बातमी आली, जिंकलेल्या मुलाचं नाव खाली कुठंतरी.

परतीच्या एसटीत मी त्याला म्हटलं, "हरलास, पण नाव काढलंस. लोक प्रामाणिक म्हणताहेत तुला."

"कुटलं प्रामाणिक, वैनी," बिरू खिडकीबाहेर बघत म्हणाला. "उद्या त्या पोराच्या ध्यानात आलं असतं तर म्हणला असता, बिरू बाहीनं जिंकला. तसलं बोलणं मला ऐकून घ्यायचं न्हवतं. दुसरं काय न्हाय."

हे वाक्य मी ऐकलं. श्रीनिवास त्याच सीटवर बसला होता, त्यानंही ऐकलं असणार. पण त्यानं ते आत घेतलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "बघ, कौतुकसुद्धा सोसत नाही याला." पुढं कितीतरी वर्षं शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं ती बाहीची गोष्ट सांगितली. सांगताना शेवटचं वाक्य तो सांगत नसे. लपवत होता असं नाही. त्याच्या गोष्टीत ते नव्हतंच.

नंतर बिरू वर चढत गेला. दोन वर्षांनी राज्यात पहिला, मग देशातल्या पहिल्या चार-पाचांत, मग एका पात्रता स्पर्धेतून इंग्लंडात व्यावसायिक खेळाडूंच्या फेरीत जागा मिळाली. सोलापूरच्या टॉवेलच्या शेडमधून तिथं जाणं म्हणजे काय ते आम्हाला सुद्धा नीट कळलं नव्हतं. श्रीनिवासनं दारोदार फिरून त्याच्या जाण्याची सोय लावली. ज्यांना तो कधी नमस्कार करत नसे अशा लोकांच्या बैठकीत जाऊन बसला.

तिथून बिरू व्हिडिओ कॉल करायचा. खोली लहान, खिडकीत पाऊस, पलंगावर क्यूची पेटी. "वैनी, हितं ज्वारी मिळंना. मिळाली एका दुकानात, तर पीठ थापलं की फुटतंय." मी इकडून सांगायचे, गरम पाणी घाल, चांगलं मळ. त्याची भाकरी कधी जमली नाही. क्लबात त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे, आणि बोललं तरी त्याला अर्धंच कळायचं. जे कळायचं त्यातलं निम्मं अपमानाचं वाटायचं. खरंच अपमान असायचा की नाही, देव जाणे. बिरूला अपमान फार लांबून दिसायचा.

तरी पहिल्या मोसमात त्यानं एकदा एका जगप्रसिद्ध खेळाडूला हरवलं. आम्ही मोबाइलवर बघत होतो. श्रीनिवास बसूच शकला नाही, उभ्यानं बघत होता. सुट्टीला बिरू गावी आला तेव्हा उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, गुलाल, ढोल, नगरसेवकांचे फलक. त्याचे वडील वाडीवरून आले होते. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं. भाषणं संपल्यावर आमच्या घरी जेवायला बसले तेव्हा म्हाताऱ्यानं श्रीनिवासला विचारलं, "ह्यानं ज्याला हरवलं, त्यो वाईट मानूस हुता काय?"

"नाही हो बाबा. चांगला खेळाडू आहे. फार मोठा."

"मग येवडा गुलाल कशापायी?" म्हातारा म्हणाला, आणि खाली मान घालून जेवायला लागला. आम्ही हसलो. बिरू हसला नाही. तो बापाकडं असा बघत होता की मला वाटलं, हे बोलणं याला झोंबलंय, पुढं कधीतरी नडणार.

दुसऱ्या मोसमात तो हरायला लागला. एक सामना, दोन सामने, मग ओळीनं. आम्ही मोबाइलवर बघायचो. एका संध्याकाळी श्रीनिवासनं सामना थांबवला, मागं नेला, पुन्हा लावला. पुन्हा मागं नेला. मग मला म्हणाला, "बघ इथं. कोपर मागं जातो आणि अडतो. एक क्षण. मग झटका बसतो." मला काही दिसलं नाही. त्यानं आणखी तीनदा दाखवलं तेव्हा दिसलं. वाहत्या पाण्यात खडा टाकावा तसं काहीतरी होत होतं. ज्या हातात कधी विचार नव्हता त्या हातात विचार शिरला होता.

श्रीनिवासनं फोन केला. जपून, आडवळणानं विचारलं. बिरूनं फोन ठेवून दिला आणि महिनाभर उचलला नाही.

जागा गेली आणि तो परत आला. तेव्हापासूनचा बिरू मला कधी आवडला नाही, हे सांगून टाकते. त्याच्या हरण्याला कारणं होती: तिथला प्रकाश, तिथली थंडी, इथली संघटना, प्रवास, जेवण. शेवटी एक दिवस शेडमध्ये सगळ्यांसमोर कारण श्रीनिवासवर येऊन थांबलं. कुणीतरी पोरगा सहज म्हणाला, "बिरूदादा, तुमचा कोपर अण्णांनीच बसवला ना?" बिरू म्हणाला, "व्हय. टॉवेलच्या शेडात शिकल्यावर दुसरं काय व्हणार." श्रीनिवासनं क्यूच्या टोकाला लावायचा खडू खिशात ठेवला आणि घरी आला. चार दिवसांनी बिरू सकाळी टेबल झाडत होता. श्रीनिवास पेपर वाचत होता.

मी तेव्हा श्रीनिवासला विचारलं होतं, "तुला राग येत नाही का?"

"येतो," तो म्हणाला. "पण तो हात मला मिळाला नाही, पद्मा. ज्याला मिळतो त्याचं थोडं सोडून द्यावं लागतं."

देशातल्या स्पर्धांत बिरू खेळत होता, कधी जिंकत होता. एकदा दुसरा आला तर उपविजेत्याचा करंडक मंचावरच ठेवून खाली उतरला, आणि माईक चालू असताना पदाधिकाऱ्यांना नको ते बोलला. काही महिने त्याला बाहेर बसवलं. ती शिक्षा त्यानं मिरवली. मग परराज्यातली एक निमंत्रितांची स्पर्धा आली. समोर एक साधा खेळाडू. बिरू त्याच्याकडून हरला, आणि ज्या तऱ्हेनं हरला ती चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. आमच्या शेडमधल्या नवख्या पोरांनी घातले असते असे चेंडू त्यानं चुकवले होते. तक्रार झाली, चौकशी लागली. सामना मुद्दाम सोडल्याचा आरोप. सिद्ध झाला तर जन्माची बंदी.

श्रीनिवास पेटून उठला. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. जो माणूस न दिसलेला फाऊल स्वतः सांगतो तो सामना सोडेल? कुणाच्या डोक्यात तरी हे बसतं का? अडलेल्या कोपराबद्दल श्रीनिवासनं चौकशी समितीला सांगावं असं मी म्हटलं, तर म्हणाला, ते सांगितलं तर त्याला पुन्हा कुणी बोलावणार नाही, हाताचं नाव काढायचं नाही. बिरूनं विचारल्यावर फक्त एवढं सांगितलं, "आरोप खोटा हाय, अण्णा." पुन्हा विचारायची श्रीनिवासला गरज वाटली नाही.

चौकशी पुण्याला होती. श्रीनिवासनं पांढरा शर्ट घातला, मी इस्त्री करून दिलेला. तो आत गेला, मी आणि बिरू बाहेर बाकावर बसलो. दार पूर्ण लागत नव्हतं. आतून श्रीनिवासचा आवाज येत होता. लोकर ओळखणाऱ्या मुलाची गोष्ट. मग बाहीची. तो मधेच थांबला, पाणी प्यायला असावा, पुन्हा सुरू झाला. बिरू फरशीकडं बघत होता. हाताची बोटं एकमेकांत अडकवून असा बसला होता की मला पहिल्यांदाच त्याची माया आली. वाटलं, याला कळतंय, आपल्यासाठी कुणी काय करतंय.

समितीनं जन्माची बंदी घातली नाही. संशय पुरेसा आहे, पण या गृहस्थांच्या शब्दाचा मान राखून काही वर्षांवर थांबतो, असं म्हणाले. श्रीनिवासला ते सुद्धा अन्यायच वाटला. बसमध्ये तो बिरूला सांगत होता, वर्षं जातात, हात शाबूत ठेव, आपण रोज बसू.

दुसऱ्या दिवशी बिरू आमच्याकडे दुपारी जेवायला होता. भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. मी वाढत होते. दोन घास झाल्यावर तो म्हणाला, "अण्णा, एक सांगू का?"

"बोल की."

"ती मॅच मी सोडली हुती."

श्रीनिवासचा हात भाकरीवर थांबला. बाहेर कुणाचा तरी माग चालू होता, त्याचा खटखट आवाज येत होता. "कुणी सांगितलं तुला सोडायला?"

"एक माणूस आला हुता हाटेलात. म्हणला, ही सोड, पुढल्या साली तुला परत तिकडं खेळायला पाठवायची सोय आमी करतो. पाठवणार न्हाय हे मला बी कळत हुतं."

"मग का सोडलीस?"

"हात चालंना झालाय, अण्णा. मागं नेला की तितंच ऱ्हातोय. तुमी फोनवर इचारलं हुतं ते खरं हुतं. वरीसभर मी जिंकाय जायचो आन हरायचो. टेबल बघितलं की मागं फिरावं वाटायचं. त्या दिवशी म्हणलं, आज आपण ठरवून हरू. निदान हरणं तरी आपल्या हातात असंल. लई दिसांनी टेबलापाशी भ्या वाटलं न्हाय."

इथपर्यंत माझ्या मनात त्याच्यासाठी जागा होती. तो लहान दिसत होता. मी भाजीचं भांडं हातात धरून उभी होते.

श्रीनिवासनं विचारलं, "मग काल मला आत का बोलू दिलंस? आधी का नाही सांगितलंस?"

बिरूनं चटणीला बोट लावलं. साध्या आवाजात, समजावून सांगावं तसं म्हणाला, "तुमाला ते खरं वाटत हुतं म्हणून. ठावं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुमाला खोटं बोलाय येत न्हाय की."

त्यानं हे कौतुकानं म्हटलं. अजूनही मला वाटतं, त्याच्या लेखी ते कौतुकच होतं.

श्रीनिवासनं उरलेली भाकरी संपवली. ताटात पाणी सोडलं, हात धुतले, आत जाऊन पडला. बिरू थोडा वेळ बसून राहिला. मग मला "येतो वैनी" म्हणून गेला. मी त्याचं ताट उचललं.

पुढं काय करायचं हा प्रश्न श्रीनिवासपुढं होता, आणि तो त्यानं एकट्यानं सोडवला. समितीला खरं कळवावं तर बिरूला जन्माची बंदी. न कळवावं तर आपण दिलेला शब्द खोटा, आणि आता तो खोटा आहे हे माहीत असताना तसाच ठेवलेला. त्यानं कळवलं नाही. ज्याला खोटं बोलता येत नाही म्हणून बिरूनं त्याला पुढं केलं होतं, तो माणूस त्या दिवसापासून खोट्यावर राहतो आहे. रस्त्यात कुणी विचारलं, अण्णा, बिरूनं खरंच केलं होतं का, तर तो घड्याळ बघतो, उशीर झाल्याचं सांगतो. त्याचे कान लाल होतात. लोकांना वाटतं, उन्हानं.

पाच-सहा दिवसांनी बिरू सकाळी आला. टेबल झाडायलाच आला असणार. शेडला कुलूप होतं. तो पायरीवर बसला. वरच्या खिडकीतून मला दिसत होता. श्रीनिवास घरात होता, पेपर वाचत होता, आणि त्याला माहीत होतं. ऊन पायरीवर आलं तशी बिरू सावलीला सरकला, मग सावलीही गेली, मग तो उठला आणि कुंभारीच्या दिशेनं चालायला लागला. कुलूप उघडलं ते टेबल विकलं तेव्हाच. शेडमध्ये आता एका व्यापाऱ्याचं गोदाम आहे, पुठ्ठ्याचे खोके असतात. श्रीनिवासनं त्यानंतर क्यू हातात धरलेली नाही. पुण्याला गेलो तरी मामाच्या घराजवळचा, जिथं त्याला हा नाद लागला तो क्लब टाळून जातो.

बंदीची वर्षं संपली. बिरू कुठल्या स्पर्धेत दिसला नाही. कुणी म्हणे मुंबईला आहे, कुणी म्हणे मेंढरांमागं गेला. आम्ही विचारलं नाही.

गेल्या थंडीत माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं आम्हाला हुरड्याला बोलावलं. तो आता मोठा बिल्डर झालाय, कुंभारीच्या पुढं अक्कलकोट रस्त्याला त्याचं फार्महाऊस आहे. शेतात आगटी पेटवलेली, गरम हुरडा, गूळ, ताक, शे-दीडशे माणसं. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, सर, आत चला, गंमत दाखवतो. आपल्याकडं प्रोफेशनल आहे." मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो पुढं गेला, आम्ही बऱ्याच वेळानं मागून पोचलो.

आतल्या हॉलमध्ये नवं कोरं टेबल होतं, आणि टेबलाशी बिरू. फार्महाऊसचं नाव छापलेला टी-शर्ट, पायांत पांढरे बूट, पोट सुटलेलं, कानशिलं पिकलेली. तो मालकाशी, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याशी, खेळत होता. पाहुणे कडेनं उभे होते, हातात ताकाचे पेले. आम्ही दारातच थांबलो. खेळ संपत आला होता, टेबलावर एकटा काळा चेंडू राहिलेला, खिशाच्या तोंडाशी. पांढरा त्याच्या सरळ रेषेत. मलाही आता एवढं कळतं की हा चेंडू कुणीही घालेल.

बिरू वाकला. हात मागं गेला. काळा खिशाच्या कडेवर आपटून बाहेर आला. मालकानं पुढच्या फटक्यात तो घातला आणि सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "बिरूनं मालकासाठी सोडला." मालक म्हणाला, "अरे, कितीदा सांगितलं तुला, असं मुद्दाम हरत जाऊ नकोस. पाहुण्यांना कळतं." बिरूही हसला. "मालकाच्या घरात मालकच जिंकाय पायजे की," तो म्हणाला.

माझ्या मनात जे आलं ते सांगते: बरं झालं. जे एकदा चोरून केलं तेच आता रोज करायचं, आणि टाळ्याही मिळवायच्या. मी श्रीनिवासकडं वळले. तो बिरूकडं नाही, टेबलाकडं बघत होता.

"हे मुद्दाम नव्हतं," तो हळूच म्हणाला. "त्याला घालायचा होता. कोपर अडला."

तेवढ्यात बिरूनं वर बघितलं आणि त्याला आम्ही दिसलो. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्या खोलीत एकट्या श्रीनिवासला खरं काय झालं ते कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे बिरूला कळलं. मला वाटलं तो पुढं येईल, 'अण्णा' म्हणेल. त्यानं मालकाच्या पाठीवर थाप मारली, मोठ्यानं म्हणाला, "आज लई भारी खेळला मालक," आणि वाकून खिशांतले चेंडू काढायला लागला.

आम्ही निघालो. मालकाला हुरडा छान होता म्हणून सांगितलं. दुपार कलली होती. स्कूटर कुंभारी ओलांडून पुढं आली तेव्हा श्रीनिवास मान न वळवता म्हणाला, "तसा हात मी पुन्हा पाहिला नाही गं. फार लवकर गेला." आरशात त्याचे डोळे ओले दिसत होते.

मी मागं बसले होते. एवढं सगळं होऊनही तो अजून त्या हातासाठीच रडत होता. मला बिरूची कीव यायला हवी होती, ती आली नाही. राग आला, आणि या खेपेला तो बिरूचा नव्हता, श्रीनिवासचा होता.